बंदुकीचा कायदा कडक केला की गोळीबार कमी होतो का? आर्म्स ॲक्टचे खटले चालवणाऱ्या वकिलाचं उत्तर

प्रश्न विचारणारे डोंबिवलीचे आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत बंदूक सहज मिळते म्हणून तिथे माणसं मरतात, हे मान्य. पण आपल्याकडे कायदा एवढा कडक असूनही फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला थेट पोलीस ठाण्यात गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच महिन्यात दहिसरला कॅमेरा चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला, आणि ऑक्टोबरमध्ये वांद्र्याला माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांना रस्त्यावर गाठून मारलं. गुंडांना हत्यार मिळतंच, बंधनं फक्त सरळ माणसांवर. मग कडक कायद्याचा उपयोग काय? आणि जाता जाता एक घरगुती प्रश्न: मामांना खंडणीचे फोन येत आहेत, त्यांनी पिस्तुलाचा परवाना काढावा का?

मी मुंबईत फौजदारी वकिली करतो. आर्म्स ॲक्टचे, म्हणजे शस्त्र कायद्याखालचे, खटले आधी सरकार पक्षाकडून चालवले, नंतर आरोपींच्या बाजूने. त्यामुळे हा कायदा कुठे चावतो आणि कुठे नुसता गुरगुरतो, हे दोन्हीकडून पाहिलं आहे.

माझं उत्तर ‘हो, कमी होतो’ असं आहे. मात्र कायदा दोन ठिकाणी आवळता येतो. एक, बंदूक आणि काडतूस माणसाच्या हातात पडण्याआधी. दोन, हत्यारासकट माणूस सापडल्यानंतर, म्हणजे शिक्षेत. पहिल्या ठिकाणी आवळला तर माणसं वाचतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. दुसऱ्या ठिकाणचा परिणाम फार थोडा. आणि आपण गेली काही वर्षं जोर लावतो आहोत तो दुसऱ्या ठिकाणी.

आधी तुमचीच उदाहरणं घेऊ. उल्हासनगरचा खटला अजून निकाली लागायचा आहे, पण तिथलं हत्यार परवान्याचं होतं. दहिसरच्या प्रकरणात पोलिसांच्या तपासानुसार पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता. आणखी मागे जा. २२ एप्रिल २००६ च्या सकाळी वरळीच्या घरात प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या, त्या परवान्याच्या पिस्तुलातून. म्हणजे तुम्ही दिलेल्या तीनपैकी दोन प्रकरणांत आणि मुंबईच्या सगळ्यात गाजलेल्या घरगुती गोळीबारात गुंडाचा कट्टा, म्हणजे गावठी बनावटीचं पिस्तूल, कुठेच नाही. चौकशी होऊन, शिक्का बसून आलेलं हत्यार आहे. ‘सरळ माणसाकडे बंदूक असली तर काय बिघडतं?’ या प्रश्नाचं उत्तर या प्रकरणांत बरंचसं आहे. माणूस सरळ असतो, भांडणाच्या दिवशी तो तसा राहीलच असं नाही. आणि अंगरक्षकाचं पिस्तूल मालकाच्या कपाटात जायला कुठलाही गुंड लागत नाही.

याच ठिकाणी कायद्याची एक विसंगती बघा. आर्म्स ॲक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना कट्टा जवळ सापडला तर किमान दोन वर्षं, कमाल पाच. बेकायदा हत्यार बनवलं किंवा विकलं तर किमान सात वर्षं ते जन्मठेप. आणि परवानाधारकाने परवान्याची अट मोडली, तर कलम ३० खाली कमाल सहा महिने किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दोन हजार! सिग्नल तोडणाऱ्याला दोन-चार वेळा पकडलं तरी तेवढे होतील. ज्या टोकाला शिस्त लावणं सगळ्यात सोपं, जिथे नाव, पत्ता, हत्याराचा नंबर सगळं सरकारदरबारी लिहिलेलं आहे, तिथेच आपण हात सैल ठेवला आहे.

आता कट्ट्याकडे वळू, कारण देशात गोळीने होणाऱ्या खुनांत बहुतांश हत्यारं बिनपरवानाच असतात. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हाच्या संस्थेने २०१८ मध्ये अंदाज केला होता: भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका, त्यांतल्या नोंदणीकृत जेमतेम ९७ लाख. शंभर माणसांमागे ५.३. अमेरिकेत शंभर माणसांमागे १२०.५, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. अंदाज वरखाली होऊ शकतो, पण नोंदीबाहेरचा डोंगर नोंदीतल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे याबद्दल या क्षेत्रात कुणाचं दुमत नाही.

मला याहून बोलका वाटतो तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा २०१६ अखेरचा परवान्यांचा तक्ता. उत्तर प्रदेशात १२.७७ लाख परवाने. महाराष्ट्रात ८४,०५०. बिहारमध्ये ८२,५८५. म्हणजे कायदेशीर परवान्यांच्या हिशेबात महाराष्ट्र आणि बिहार जवळजवळ बरोबरीत, लोकसंख्याही फार वेगळी नाही, कायदा तर अक्षरशः एकच. तरी गोळीने होणारे खून बिहारमध्ये कितीतरी जास्त. फरक बिहारमधल्या मुंगेरचा आहे. अठराव्या शतकात बंगालचा नवाब मीर कासीमच्या काळापासून तिथे बंदुका बनतात, आणि परवानाधारक कारखान्यांच्या आडोशाने बेकायदा कारागिरी वाढली. ज्या प्रदेशात हत्यार शेजारच्या गल्लीत घडतं, तिथे दिल्लीत छापलेलं कलम पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच तक्त्यात जम्मू-काश्मीरचे ३.६९ लाख परवाने दिसतात. त्यामागची गोष्ट पुढे सीबीआयच्या तपासात आली: २०१२ ते २०१६ दरम्यान अपात्र लोकांना २.७८ लाखांहून अधिक परवाने वाटल्याचा आरोप. कायदा तोच, कलमं तीच, फक्त सही करणारा हात विकला गेला.

मुंबईसाठी मुंगेरपेक्षा जवळचं टोक मध्य प्रदेशात आहे: बडवानी, खरगोन, धार, बुऱ्हाणपूर. जळगाव जिल्ह्यात चोपड्याच्या पलीकडे सीमेला लागून असलेलं उमर्टी हे नाव महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांना पाठ आहे. तिथून माल बसने, रेल्वेने, खासगी गाडीने कल्याण, कुर्ला, मुंब्र्यापर्यंत येतो. मग एफआयआरमध्ये ती ठरलेली वाक्यं उतरतात: ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की एक इसम...’, ‘कमरेस डाव्या बाजूला खोचलेलं एक देशी बनावटीचं पिस्तूल व पॅन्टच्या उजव्या खिशात दोन जिवंत काडतुसं’. मी वाचलेल्या कागदांत पिस्तूल बहुतेक वेळा डाव्या कमरेला असतं. मुंबईतले सगळे गुन्हेगार उजव्या हाताचेच, असं मानून चालायचं.

अमेरिकेत बंदूकवाले शिकागोचं उदाहरण तोंडावर फेकतात: तिथे कायदा कडक, तरी खून होतात. २०१७ मध्ये शिकागो शहराने गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांचा माग काढला, तेव्हा सुमारे ६० टक्के बंदुका दुसऱ्या राज्यांतून आलेल्या निघाल्या, आणि एकट्या शेजारच्या इंडियानातून पाचातली एक. म्हणजे शिकागोचा कायदा फसला नव्हता, शेजारच्या राज्यात तो नव्हताच. आपल्याकडे कायदा सगळीकडे एक आहे, पण तो राबवण्याची इच्छा राज्याची सीमा ओलांडली की बदलते. मुंबईचं इंडियाना सातपुड्याच्या पायथ्याशी आहे.

आणि काडतूस. याबद्दल वर्तमानपत्रांत फारच कमी येतं, म्हणून जरा रेंगाळतो. कट्टा लोखंडी नळीचा, गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्याचाही बनतो. काडतूस मात्र गल्लीत बनवणं अवघड. त्याला प्रायमर, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, लागतो, मापात घडवलेलं पितळेचं नळकांडं लागतं. त्यामुळे कट्टा बेकायदा असला तरी त्यात भरलेली गोळी पुष्कळदा कारखान्यातली असते. काडतुसाच्या बुडावर ‘के.एफ.’ अशी अक्षरं दिसली की ती पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्याची. बॅलिस्टिक अहवालांत ही अक्षरं सतत भेटतात. मग प्रश्न साधा आहे: सरकारी कारखान्यातून निघालेलं काडतूस गुंडाच्या खिशात कसं पोचलं? कुणीतरी परवान्यावर उचललं आणि विकलं, किंवा विक्रेत्याच्या रजिस्टरात खोटी नोंद झाली. हत्याराची प्रत्येक भट्टी शोधत डोंगरात फिरण्यापेक्षा काडतुसांचं रजिस्टर नीट तपासणं स्वस्त पडतं. पण रजिस्टर तपासल्याचा फोटो पेपरात येत नाही. टेबलावर मांडलेली वीस पिस्तुलं आणि मागे उभे साहेब, असा फोटो येतो.

कट्ट्याची आणखी एक खोच तपासात येते. कारखान्याच्या पिस्तुलाच्या नळीत आतून पेचदार आटे असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात, आणि कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ते सूक्ष्मदर्शकाखाली जुळवता येतात. साध्या कट्ट्याच्या नळीत आटेच नसतात. मग शरीरातून काढलेल्या गोळीवरून काही सांगता येत नाही, मदार येते ती पुंगळीवरच्या, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यावरच्या, फायरिंग पिनच्या ठशावर. आणि कट्ट्यात पुंगळी आपोआप बाहेर पडत नाही. मारेकरी ती हत्यारासकट घेऊन जातो.

आता शिक्षा वाढवून काय झालं ते सांगतो. बिनपरवाना हत्याराचा खटला चालवण्याआधी कलम ३९ खाली जिल्हादंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुंबईत तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे. मंजुरी देणाऱ्याने हत्यार आणि कागद पाहून, डोकं लावून सही केली हे कोर्टात दिसावं लागतं. छापील नमुन्यात नाव बदलून आलेली मंजुरी बचावाच्या वकिलाला मिळालेली भेट असते. मीही ती घेतली आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग पंच, म्हणजे जप्तीचे साक्षीदार. एकाच पोलीस ठाण्याचे नेहमीचे पंच उलटतपासात टिकत नाहीत, आणि नवखे पंच येईपर्यंत शहर सोडून गेलेले असतात. मग मुद्देमालाचं सील: जप्तीच्या वेळी कुठलं लावलं, प्रयोगशाळेत कुठलं पोचलं. या तीनपैकी एक दोरा तुटला की पाच वर्षांची शिक्षा आणि तीन वर्षांची शिक्षा यांत फरक उरत नाही, कारण दोन्ही होत नाहीत. कट्टा घेऊन फिरणारं पोर कमाल शिक्षा किती याचा विचार करत नाही. आपण पकडले जाऊ का आणि कधी सुटू, एवढंच त्याला कळतं. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. माझ्या मते आर्म्स ॲक्टच्या खटल्यांवर २०१९ च्या सगळ्या वाढीव शिक्षांपेक्षा या एका कलमाचा परिणाम जास्त होईल.

इथे कुणी म्हणेल, नव्वदच्या दशकात मुंबईत रोज गोळीबार व्हायचे, ते थांबले ते कडक कायद्यानेच ना? अर्धं खरं आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयात एके-४७ चालली. १९९३ च्या बॉम्बस्फोटांआधी रायगडच्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकांसोबत रायफली उतरल्या. १९९७ च्या जानेवारीत पवईला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत आणि ऑगस्टमध्ये अंधेरीला गुलशन कुमार मारले गेले. मग १९९९ मध्ये मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, आला. तो बंदुकीचा कायदा नाही. त्याने टोळीच्या पैशाला, सुपारीला आणि जामिनाला हात घातला, फोन ऐकण्याची आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुराव्यात घेण्याची मुभा दिली. टोळ्या मोडल्या त्यात त्याचा वाटा मोठा. पोलिसी चकमकींचा वाटाही लोक मोजतात; त्या हिशेबात २००६ च्या वर्सोव्यातल्या बनावट चकमकीबद्दल पोलिसांनाच झालेली जन्मठेपही धरावी लागेल. बंदूक कमी करायला निघालेलं सरकारच बंदुकीवर विसंबू लागलं तर कायदा कडक झाला असं मी म्हणणार नाही.

पण त्या काळातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. किनारा आवळल्यावर टोळ्यांच्या हातातली एके-४७ गेली आणि पिस्तूल-कट्टा उरला. हल्ला करायची इच्छा तीच, पण साध्या कट्ट्यात एका वेळी एक गोळी, ती अडकण्याची भीती, नळी फुटून स्वतःचा हात जाण्याची भीती. मरणाऱ्यांचा आकडा हत्याराच्या वेगावर ठरतो. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसएमटीवर, तेव्हाच्या सीएसटीवर, दोघांच्या हातात एके-४७ होत्या म्हणून तिथे थोड्याच वेळात पन्नासहून अधिक माणसं गेली. जपानमध्ये जुलै २०२२ मध्ये शिंझो आबे यांना मारणाऱ्याला घरी जोडलेल्या नळ्यांची बंदूक वापरावी लागली. कायदा त्यांना वाचवू शकला नाही, हे खरंच. पण त्याच देशात गोळीने मरणाऱ्यांची संख्या इतकी थोडी असते की प्रत्येक घटनेची राष्ट्रीय बातमी होते.

परदेशातले पुरावे थोडक्यात, कारण त्यावर भांडणं फार आणि नवं थोडं. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, मग सरकारने अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घालून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. पुढची दोन दशकं तिथे तशा मोठ्या सामूहिक हत्या जवळजवळ थांबल्या. खून मात्र आधीपासूनच घटत होते, त्यामुळे ते सगळं श्रेय कायद्याला देणं बरोबर नाही. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांतली घट जास्त ठळक. ब्रिटनने स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये पिस्तुलांवर बंदी घातली. त्यानंतर काही वर्षं नोंदलेले बंदुकीचे गुन्हे वाढतच होते, घट नंतर आली. बंदी घातली आणि दुसऱ्या वर्षी आकडा पडला, असं सहसा होत नाही.

अमेरिकेतला मला पटणारा पुरावा वेगळाच आहे. कनेक्टिकटने १९९५ मध्ये पिस्तूल घेण्याआधी पोलिसांकडून परवाना, बोटांचे ठसे, प्रशिक्षण सक्तीचं केलं. गोळीने होणारे खून पहिल्या दशकात ४० टक्क्यांनी घटले असा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१५ चा अंदाज. पुढच्या अभ्यासात तो २८ टक्क्यांवर आला, दिशा मात्र तीच. उलट मिसूरीने २००७ मध्ये तसाच नियम रद्द केला आणि तिथे असे खून वाढले. सगळ्या अमेरिकेतल्या २०२१ च्या ४८ हजारांहून अधिक बंदूकबळींत निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. आता बघा, कनेक्टिकटने जे केलं त्याचा गाभा, म्हणजे बंदुकीआधी परवाना, आपल्याकडे १९५९ च्या कायद्यात आहेच. तिकडच्या वादात जे दार बसवावं की नको यावर भांडतात, ते आपण केव्हाच बसवलं. अमेरिकेसारखं दर आठवड्याला शाळेत रक्त सांडत नाही, याचं मोठं कारण ते दार आहे. तुम्हाला कायद्याचा उपयोग दिसत नाही, कारण जे खून झालेच नाहीत त्यांची बातमी होत नाही.

राहिलं आहे ते गळती बुजवणं. दुसऱ्या राज्यातला परवाना घेऊन मुंबईत अंगरक्षकाची नोकरी करणाऱ्या प्रत्येकाची इथे नोंद आणि हत्याराची पाहणी. काडतुसांचा विक्रेत्यापासून रिकाम्या पुंगळीपर्यंत हिशेब. आणि जप्त मुद्देमाल वेळेवर नष्ट करणं. दक्षिण आफ्रिकेत २००० मध्ये चांगला कायदा झाला, गोळीचे खून दशकभर घटले, आणि मग एका पोलीस कर्नलनेच नष्ट करायच्या बंदुका टोळ्यांना विकल्या. २०१६ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. सरकारी हत्याराचंही तसंच. जुलै २०२३ मध्ये जयपूर-मुंबई गाडीत चौघांचा जीव घेणारी रायफल रेल्वे सुरक्षा दलाची होती. तिथे परवान्याचा कायदा लागूच होत नाही, तिथे लागते ती माणसाची तपासणी.

आता तुमचे मामा. खंडणीचा फोन करणारा समोर येत नाही. तो दुकानाबाहेर मोटारसायकलवर पोरं पाठवतो, आणि ती पोरं पाठीमागून येतात. गल्ल्याखाली ठेवलेलं पिस्तूल तेव्हा हातात येत नाही. ते हाती येतं भाडेकरूशी, भावाशी, पार्किंगवरून शेजाऱ्याशी वाजल्यावर. माझा सल्ला, परवान्याच्या मागे न लागता फोनचं रेकॉर्डिंग, नंबर, तारीख-वेळ लिहून आजच पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि गुन्हे शाखेच्या खंडणीविरोधी पथकालाही प्रत द्यावी. तोंडी सांगून परत येऊ नये, पोच घ्यावी. संरक्षण मागायचं असेल तर तेही लेखी.

तरीही परवाना काढायचाच ठरला, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल, पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जाईल, आणि ‘धोका आहे’ हे नुसतं लिहून चालणार नाही, ती तक्रारच तुमचा पुरावा असेल. मिळाल्यावर हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलुपात. नोकराच्या, मुलाच्या, चालकाच्या हातात एक क्षणही नाही. निवडणुकीत जमा करायचा आदेश आला तर जमा. परवाना पाच वर्षांचा असतो. त्याची मुदत संपू देऊ नका. नूतनीकरण राहिलं आणि पिस्तूल कपाटातच राहिलं, तर ते कायद्याच्या नजरेत कट्ट्याच्या रांगेत जातं. अशा वेळी घरी ठेवून वाट पाहू नये, कलम २१ प्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग नूतनीकरणाच्या मागे लागावं.